पायाळू, उसण आणि तो ‘कट्ट’ आवाज
कायरोप्रॅक्टरच्या (हातांनी मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याच्या) उपचाराबद्दल दोघांनी लिहिलंय की ‘कट्ट’ आवाज आला की मणका जागेवर बसतो आणि तीन सिटिंगमध्ये कंबर मोकळी होते. कंबर मोकळी झाली असेल, त्यावर माझा वाद नाही. पण तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, बोटं मोडताना येतो तोच. हाड कुठे सरकलेलं नसतं, त्यामुळे बसत वगैरे काही नाही. आमच्याकडे उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेला) माणूस शोधून त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचे. लहानपणी मी आजीला घेऊन गेलोय, आणि चार दिवसांत ती पाटावर बसून भाकऱ्या थापत होती! साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि आपण जातो ती दुखणं टिपेला असताना. श्रेय मग जो समोर असेल त्याला.

कायरोप्रॅक्टिकचा कंबरेपुरता मसाज-व्यायामाइतपत उपयोग चाचण्यांत दिसतो, हे मान्य. खरी गंमत त्यांच्या तान्ह्या बाळांचं पोटदुखीचं रडणं आणि दमा बरा करण्याच्या दाव्यांची. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 2008 मध्ये यावर लिहिलं, तर ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टर संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला. नंतर पुरावे म्हणून 29 संदर्भांची यादी काढली, पण लोकांनी त्या यादीच्या लगेच चिंध्या केल्या. 2010 मध्ये संघटनेने बदनामीचा दावा मागे घेतला.