घरमालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला तर?

प्रश्न: कराराचे 5 महिने उरलेत आणि बदली झाली. करारात पोटभाड्याबद्दल अक्षरही नाही. परस्पर कुणाला ठेवलं तर चालतं का?

उत्तर 1: उल्लेख नाही म्हणजे मुभा आहे, असं धरू नका, बऱ्याच ठिकाणी कायदाच मालकाची संमती मागतो. ‘हस्तांतर’, ‘फक्त स्वतःच्या राहण्यासाठी’ असे शब्द शोधा. बंदी बहुधा तिथेच लपलेली असते.

उत्तर 2: खरी गोची पैशांची. पोटभाडेकरूने भाडं थकवलं, बेसिन फोडलं, तरी मालकापुढे जबाबदार तुम्हीच आणि अनामतही तुमचीच कापली जाणार. त्यात मालकाने करार रद्द केला की पोटभाडेकरूच्याही पायाखालची जमीन जाते. मग तो आगाऊ भाडं परत मागायला तुमच्याच दारात. ‘पाहुणा आहे’ ही सबब फार टिकत नाही. भाड्याच्या रकमा बँकेच्या नोंदीत दिसतात.

उत्तर 3: मालकाला लेखीच विचारा: येणाऱ्याचं नाव, तारखा, भाडं, सोबत ओळखपत्राची प्रत. होकारही लेखी घ्या. पोटकरार मूळ कराराच्या आधी संपवा, किल्ली देण्यापूर्वी मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो. मालक नाही म्हणाला, तर नवा भाडेकरू शोधून द्या आणि त्याचा थेट मालकाशीच करार होऊ द्या. तुमची सुटका लेखी घ्यायला मात्र विसरू नका.