लिथोग्राफीत जोर नेमका कुठे?
प्रश्न असा आहे की ‘लिथोग्राफी’ (मुळात दगडावरून केली जाणारी छपाई) हा शब्द म्हणताना आघात, म्हणजे जोर, ‘ग्रा’वर द्यायचा का. नाही, इंग्रजीत तो दुसऱ्या अक्षरावर येतो: लि-थॉ-ग्र-फी. ‘थॉ’ ठसठशीत, आणि त्यापुढचा ‘ग्रा’ आखडून जवळजवळ ‘ग्र’ होतो. आपण मराठीत चारही अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून हा फरक सहज निसटतो.

खरी गंमत शब्द वाढवल्यावर दिसते. ‘लिथोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘लि’वर, ‘लिथोग्राफी’त ‘थॉ’वर, ‘लिथोग्राफिक’मध्ये थेट ‘ग्रा’वर, आणि तिथे तो ‘ग्रा’ नव्हे तर स्पष्ट ‘ग्रॅ’ ऐकू येतो. म्हणजे प्रत्यय आघात ओढून नेतो. ‘-इक’ लागला की साधारणपणे त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर. फोटोग्राफी, टायपोग्राफी, कॅलिग्राफी यांचीही चाल हीच, त्यामुळे एक पक्का केला की बाकीचे जमतात.

अर्थाची फोड मात्र उच्चाराशी जुळत नाही. ग्रीक ‘लिथॉस’ म्हणजे दगड, ‘ग्राफीन’ म्हणजे लिहिणं. १७९० च्या दशकात आलोइस झेनेफेल्डरने ही छपाई शोधली ती चुनखडीच्या सपाट दगडावरच.