अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यांचा आकडा मधेच एवढा का पडला होता?

ठाणेकर:
मला वाटायचं अमेरिकेत जाणारे लोक कायम वाढतच गेलेत. पण १८९० ला तिथं दर १०० माणसांत जवळपास १५ परदेशात जन्मलेले, १९७० ला ५ पण नाहीत, आणि आता परत १४-१५ च्या घरात! मधे नक्की काय झालं? महायुद्धांमुळे का?

जर्सीकर:
युद्ध आहेच पण मुख्य कारण कायदा. १९०७ या एका वर्षात जवळजवळ १३ लाख आले, बरेचसे इटली, रशिया, ऑस्ट्रिया-हंगेरीतून. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडच्या तपासणी केंद्रावर उतरायचं, डॉक्टर पापणी उलटून खुपरी (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) आहे का बघणार, पास झालात की बहुतेकजण त्याच दिवशी बाहेर. मग १९२१ ला देशवार कोटा आला आणि १९२४ ला तो आणखी आवळला, तोही मुद्दाम १८९० च्या जनगणनेवर मोजलेला, म्हणजे इटालियन नि ज्यू लोक मोठ्या संख्येनं यायच्या आधीची. आशियाला तर दार जवळपास बंदच.

मिरजेचा_मास्तर:
सगळं कायद्यावर नका ढकलू, मंदीत कामच नव्हतं. १९३२ ला आले साधारण ३५ हजार आणि देश सोडून गेले लाखभर! कोटे रिकामे पडले होते.

जर्सीकर:
सर, मंदीचं मान्य. पण कोटे रिकामे राहिले त्याला तेव्हाचे अध्यक्ष हूवर यांचं सरकारही कारणीभूत आहे, १९३० ला कॉन्सुलेटना सांगितलं की सरकारवर भार होईल असं वाटलं तर व्हिसा नाकारा. पुढं हिटलरपासून पळणाऱ्या ज्यूंनाही तोच नियम नडला, ह्याचा मला फार राग येतो.

विदुला:
आपलं पण सांगते. १९४६ ला भारतीयांना कोटा मिळाला, किती तर वर्षाला १००! १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे गेले आणि मग आपले डॉक्टर, इंजिनियर जायला लागले, १९८१ ला तिथं बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं ते त्याच पिढीमुळे. नंतर आयटीवाले. एच-वनची (तिथल्या नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) वर्षाची मर्यादा ६५ हजार होती, २००१ ते २००३ मधे १ लाख ९५ हजार केली आणि २००४ ला परत ६५ हजार, म्हणजे नळ सोडणारा-बंद करणारा तिकडेच बसलाय. ग्रीन कार्डात तर नोकरीच्या कोट्यात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्केच, देश केवढा का असेना. माझी वहिनी २०१४ पासून रांगेत आहे, भाचा तीन वर्षांचा असताना गेला, आता हायस्कूलला आहे. २१ चा झाला की तो आईबापांच्या अर्जातून बाहेर पडणार आणि जिथं वाढला तिथंच राहायला स्वतःचा व्हिसा शोधणार.