रेल्वे फाटकावरचा लाल दिवा: लुकलुकणारा, स्थिर आणि विझलेला यांचा अर्थ काय?

नवशिक्या_एमएच४९
शिकाऊ लायसन्स निघालंय, सराव कामठी-कन्हानच्या बाजूला सुरू आहे. फाटकाबद्दल चार गोष्टी नीट कळत नाहीत.
चौकात रात्री लाल दिवा लुकलुकत असला तर थांबा, दोन्हीकडे बघा आणि मग निघा, असं शिकवतात. फाटकावरही तेच का? इंटरनेटवरच्या ब्रिटनच्या व्हिडिओंत आधी पिवळा लागतो, मग दोन लाल आलटूनपालटून. आपल्याकडे पिवळा शोधायचा का? दिवे विझलेले आणि दांडा वर असेल तर सरळ जायचं का? आणि रुळांवर असतानाच भोंगा वाजला तर?

सिग्नलवाला
पहिल्याच प्रश्नात बहुतेक शिकाऊ फसतात. चौकातला लुकलुकता लाल म्हणजे थांबून, बघून जा. फाटकावरचा लुकलुकता लाल म्हणजे थांबा आणि थांबूनच राहा. दोन्हीकडे गाडी दिसली नाही तरीही. दिवा बंद होऊन दांडा पूर्ण वर जाईपर्यंत चाक हलवायचं नाही.

ब्रिटनचे व्हिडिओ बाजूला ठेवा. तिथं साधारण तीन सेकंद पिवळा लागतो आणि मग जोडलाल. आपल्याकडे सगळ्या फाटकांची मांडणी एकसारखी नाही. गर्दीच्या फाटकांवर रस्त्यासाठी लुकलुकते लाल दिवे आणि भोंगा असतो, पण लहान फाटकावर फक्त दांड्यावरची लाल तबकडी आणि रात्री स्थिर लाल दिवा एवढंच; त्याचाही अर्थ थांबाच. म्हणून पिवळ्याची वाट बघत बसू नका. भोंगा सुरू झाला किंवा दांडा हलायला लागला, की तोच तुमचा पिवळा समजा आणि पांढऱ्या रेघेआधी थांबा.

आता विझलेल्या दिव्याचं. दिवा विझलेला म्हणजे परवानगी मिळाली असं अजिबात नाही. वीज गेली असेल, दिवा बिघडला असेल, किंवा मे महिन्याच्या उन्हात समोरून सूर्य असेल तर लागलेला दिवाही दिसत नाही. दांडा वर असला तरी वेग कमी करा, काच खाली घ्या, रेडिओ बंद करा आणि दोन्ही बाजूंना बघा.

एवढा वेळ फाटक का बंद असतं, हाही प्रश्न ओघाने येतोच. इंटरलॉक फाटकात दांडा खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय ट्रेनचा सिग्नल मोकळाच होत नाही, आणि तो मोकळा मिळाला नाही तर ट्रेन उभी राहील. त्यामुळे ट्रेन पुष्कळ लांब असतानाच फाटक लावावं लागतं. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोनवर गेटमनला गाडी सांगतो आणि दोघं प्रायव्हेट नंबरची (निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून सांगायच्या गुप्त आकड्याची) देवघेव करतात. तिथं सगळी भिस्त माणसावर.

आणखी एक. एक ट्रेन गेली म्हणून हलू नका. दोन-तीन लाइनींच्या मार्गावर दुसरी उलट बाजूने येत असते आणि पहिलीचे डबे तिला झाकून ठेवतात.

डबल_क्लच
दिवे वर सांगितलेच आहेत, मी फलकांवर आणि गाडी चालवण्यावर लिहितो.

लाल किनारीचा त्रिकोण, आत फाटकाचं चित्र: पुढे पहारेकरी असलेलं फाटक. आत इंजिनाचं चित्र: पहारेकरी नसलेलं. त्रिकोणासोबत दोन लाल पट्टे असतील तर फाटक सुमारे २०० मीटरवर, एक पट्टा असेल तर ५० ते १०० मीटरवर. दोन पट्टे दिसले की ॲक्सिलरेटर सोडायचा, एक पट्टा दिसला की दुसरा गिअर.

ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली आहेत. तरी परीक्षेत इंजिनाचं चित्र येतंच, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ ही ठाऊक असू द्या: अशा ठिकाणी गाडी थांबवायची, सोबतच्या माणसाने उतरून पुढे जाऊन बघायचं आणि गाडी पार करून द्यायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं.

आता ओलांडणं. पलीकडे तुमची पूर्ण गाडी मावेल एवढी जागा रिकामी दिसत नाही, तोवर पहिला रूळही ओलांडू नका. मागचे कितीही हॉर्न वाजवोत. पहिल्या गिअरमध्ये घ्या, रुळांवर गिअर बदलू नका आणि क्लच अर्धा धरून सरकू नका. गाडी बंद पडते ती बहुधा तिथेच: खडबडीत फळ्यांवर धक्का बसतो, पाय क्लचवरून सुटतो आणि झालं.

बाप्पा, ते उजवी लेन भरायचं तेवढं सोडा! दांडा खाली आहे तोवर दोन्हीकडचे लोक अख्खा रस्ता व्यापतात, दांडा उठला की समोरासमोर अडकतात आणि शेवटची गाडी रुळांवर राहते. दांडा खाली येऊ शकत नाही, म्हणजे ट्रेनचा सिग्नलही सुटत नाही, आणि मग सगळे गेटमनवर ओरडतात. तुम्ही डावीकडेच थांबा.

दुचाकीवाली
स्कूटरवाल्यांसाठी दोन ओळी. रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी ५१ ते ५७ मिलिमीटरची खाच सोडलेली असते. सायकलचं चाक तिच्यात सहज जातं. स्कूटरचं टायर रुंद असल्याने आत पडत नाही, पण तिरकं गेलं तर पावसात ओल्या लोखंडावरून घसरतं. रस्ता रुळांना तिरका छेदत असला तरी चाक काटकोनात न्या, आणि त्या दोन-तीन मीटरमध्ये ब्रेक नको.

नवशिक्या_एमएच४९
खूप मदत झाली जी. पण रुळांवर असताना भोंगा वाजला किंवा गाडीच बंद पडली तर?

सिग्नलवाला
भोंगा वाजला आणि पुढे जागा असेल तर न थांबता पार व्हा. मागे घ्यायच्या भानगडीत पडू नका.

बंद पडली तर एकदा सुरू करून बघा. नाहीच झाली तर आधी सगळ्यांना उतरवा आणि त्याच क्षणी गेटमनला हाक मारा. दांडा उघडा असताना इंटरलॉक फाटकाचा सिग्नल ट्रेनला मोकळा नसतोच, पण ट्रेन आधीच सिग्नल ओलांडून आली असेल तर गेटमनला लाल झेंडी किंवा दिवा घेऊन धावावं लागतं. ब्रॉडगेजवर रुळावर लावायचे फटाके (इंजिनाच्या चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे) तो ६०० आणि १२०० मीटरवर लावतो. यावरून ट्रेनला थांबायला किती अंतर लागतं ते बघा. तुमच्या सांगण्यात गेलेला अर्धा मिनिट इथं फार मोठा असतो.

ट्रेन दिसत नसेल तर न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून ढकला. मॅन्युअल गाडीत पहिला गिअर टाकून, क्लच सोडून स्टार्टर फिरवला तर गाडी स्टार्टरवरच थोडी सरकते, पण काही नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. तुमच्या गाडीत काय होतं ते आधी मोकळ्या मैदानात बघून ठेवा. ट्रेन दिसली तर गाडी सोडा आणि रुळांपासून दूर, पण ट्रेन येतेय त्या दिशेने तिरके पळा. धडक झाली की गाडीचे तुकडे पुढे, ट्रेनच्या जाण्याच्या दिशेने उडतात.

डबल_क्लच
मध्येच दांडा खाली आला आणि तुम्ही दोन दांड्यांच्या आत अडकलात, तर गाडी रुळांपासून लांब कडेला लावा आणि गेटमनला सांगा. स्वतः दांडा उचलू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० मध्ये बंद फाटक उघडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे.