इंदूर-मनमाड मार्गावर रोज अपडाउन करणाऱ्याला जागा आहे का?

राजेंद्रनगरवाला

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, तेव्हापासून आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एकच हिशेब चालू आहे: नाशिकला किती तासांत, पुण्याला किती तासांत. साहजिक आहे. आज मुंबईला जायचं तर गाडी आधी उलटी उज्जैनला जाते, मग रतलाम, वडोदरा, सुरत. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं आणि २०२८-२९ चं उद्दिष्ट. आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

पण नातेवाइकांकडे आपण वर्षातून किती वेळा जातो, आणि पीथमपूरच्या कारखान्यांत, महूला, देवासला रोज किती लोक जातात? माझं म्हणणं एवढंच, की या मार्गाचं इंदूरकडचं टोक रोजच्या प्रवाशासाठीही आखावं, आणि ते आत्ता, कागदावर असतानाच ठरवावं. रूळ पडल्यावर स्टेशनाला जागा शोधत बसणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं.

इंदूर ते महू या वीसेक किलोमीटरमध्ये सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ, हरण्याखेडी ही स्टेशनं आधीच आहेत. त्यातली दोन-तीन तर थेट आपल्या वस्तीत आहेत. लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगरच्या माणसाला स्टेशनला चालत जाता येतं. देशातल्या किती शहरांना हे असं आयतं मिळालंय? आणि आपण काय करतो, तर घरातून बाइक काढून राऊच्या चौकात अडकतो.

दुसरीकडे इंदूर-दाहोद हा वेगळा रेल्वेमार्ग राऊहून टिहीमार्गे पीथमपूरकडे, पुढे धारला जातो. त्याची पायाभरणी २००८ ची. म्हणजे कामगार जिथे जातात ती दिशा एका प्रकल्पात, आणि आपली मनं लागलीत ती दुसऱ्यात. दोन्हींची आखणी एकत्र बघा. देवास-इंदूर-राऊ-पीथमपूर आणि देवास-इंदूर-महू अशा मेमू, म्हणजे जवळच्या अंतराच्या विजेच्या गाड्या, सकाळ-संध्याकाळ शिफ्टच्या वेळेला धरून सोडा, बाकी दिवसभर लांबच्या गाड्या आणि मालगाड्या चालू द्या. मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन काढून फिरवावं लागत नाही. मोटारी गाडीभर विभागलेल्या असतात, त्यामुळे थांबून परत वेग घ्यायला साध्या गाडीइतका वेळ लागत नाही. जवळजवळच्या स्टेशनांसाठीच ती बनवलेली आहे.

विरोध असेल तर मुद्द्याने करा. ‘इंदूर म्हणजे मुंबई नाही’ हे सोडून काहीही चालेल.

सध्या_पुणे

मग मी पुण्याचंच सांगतो. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून मेन लाइनवरच धावते, म्हणजे तुम्ही मागताय तेच. मी तीन वर्षं तळेगावहून त्या लोकलने येत होतो. मेल-एक्सप्रेस मागून आली की लोकल बाजूला. पंधरा मिनिटं उशीर झाला की ऑफिसमध्ये तोंड वाजवून घ्यायचं आपण. आणि दुपारी मध्ये मोठी पोकळी असायची, तेव्हा गाडीच नसायची.

तुमच्या मनमाडचंही उदाहरण आहे. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून मनमाडहून मुंबईला जाते. काढली दोन शहरं जोडायला, भरली नाशिकच्या पासवाल्यांनी. आता रिझर्व्हेशन करून बसलेला माणूस आणि पासवाला यांची रोजची बाचाबाची. एकाच गाडीत दोन गिऱ्हाइकं बसवली की दोघंही नाराज राहतात.

राजेंद्रनगरवाला

पंचवटीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, साहेब. पासवाल्यांनी ती भरली, कारण त्यांच्यासाठी त्या वेळेला वेगळी गाडीच नव्हती. मी एक गाडी दोघांना वाटून द्या म्हणत नाहीये. रूळ एक, गाड्या वेगळ्या. आणि लोणावळा लोकल एवढी वाईट असती तर पिंपरी-चिंचवडचा माणूस पन्नास वर्षं तिला लोंबकळला नसता.

सध्या_पुणे

लोंबकळला, कारण दुसरा इलाज नव्हता. हा गाडीच्या गुणाचा पुरावा कसा होतो?

सेकंड_शिफ्ट

मी पीथमपूरला नोकरी करतो आणि मला ही गाडी नको आहे. चिडू नका, कारण सांगतो.

पीथमपूर म्हणजे एक फाटक आणि आत कारखाना, असं नाही. सेक्टर एक, दोन, तीन, सगळं मैलोगणती पसरलेलं. स्टेशन कुठेही केलंत तरी तिथून माझ्या गेटपर्यंत मॅजिक नाहीतर ऑटो लागणारच. घरून लोकमान्यनगर स्टेशन, गाडीची वाट, मग उतरून मॅजिक भरायची वाट. आज कंपनीची बस मला अन्नपूर्णा रोडवर उचलते आणि गेटच्या आत सोडते. झोपत जातो, झोपत येतो. ज्यांना कंपनीची बस नाही, म्हणजे ठेकेदाराचे कामगार, त्यांना गाडी उपयोगी पडेल हे मान्य. पण ते आधीच पीथमपूरला खोली घेऊन राहतात, कारण रोजच्या भाड्यात पगार जातो.

आणि सेकंड शिफ्ट रात्री बारा वाजता सुटते. त्या वेळेची गाडी कोणी देणार आहे का?

करदाता_सुदामानगर

आपल्या शहराचा वाहतुकीचा इतिहास बघा आणि मग नवीन मागण्या करा. बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, २०१३ मध्ये आणली, तिच्यावरची आयबस चांगली भरून चालत होती, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने तो मार्ग काढायला सांगितलं. मेट्रो मे २०२५ मध्ये सुरू झाली, पाच स्टेशनं, सहा किलोमीटर, तीही सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, जिथे अजून वस्ती यायची आहे. गर्दी शहराच्या मध्यात राजवाड्याला, गाडी माळावर. आता तेच डोकं रेल्वेच्या नियोजनात वापरायचं म्हणताय.

मनमाड मार्गाचं मूळ गणित मालवाहतुकीचं आहे. वर्षाला २.६ कोटी टन जादा माल, असं सरकार सांगतं. पीथमपूरचा माल बंदराकडे लवकर जाईल, नाशिककडचा कांदा वर येईल. यातून पैसा निघणार आहे. पासवाल्याकडून रेल्वेला काय सुटतं? त्याच्या सोयीसाठी मालगाडी तासभर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी करायची, हे कोणत्या हिशेबात बसतं?

राजेंद्रनगरवाला

मेट्रोबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि म्हणूनच मी हे म्हणतोय! वस्ती नाही तिथे नवीन मार्ग टाकण्यापेक्षा, वस्ती आहे तिथे पडलेला मार्ग वापरा.

पैशाचं म्हणाल तर दिल्ली-मेरठ नमो भारत ही जलद रेल्वे बघा. ८२ किलोमीटरला ३०,२७४ कोटी. म्हणजे किलोमीटरला पावणेचारशे कोटींच्या आसपास. इंदूर-मनमाड किलोमीटरला साठ कोटींच्याही आत आहे. इंदूर-उज्जैन-पीथमपूरलाही तसंच काही वेगळं, उंचावरचं हवं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा भागाकार करावा. मी मागतोय ते प्लॅटफॉर्म, लूप लाइन आणि पाच-सहा मेमू रेक. आणि दुहेरी रुळापुरती जमीन, तीही आत्ताच्या भावात.

निवृत्त_गार्ड

इतका वेळ वाचत होतो. दोन्ही बाजू स्टेशनांबद्दल बोलताहेत आणि अडचण भलतीकडे आहे.

एक. मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर महूपुढे रोजचा प्रवासी मिळणार नाही, कारण महूनंतर विंध्याचा कडा आहे. जुनी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, पाताळपाणी-कालाकुंड घाटात ४० ला १ या उतारावरून उतरायची, आणि चढताना मागे जोडइंजिन लागायचं. ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांवरच्या, जड मालगाडीला तो चढ चालत नाही, म्हणून बोगदे आणि वळसे. तिकडे निमाडात उतरेपर्यंत तासाचा हिशेब संपतो. म्हणजे शटलची, तुमच्या या मेमूची, हद्द दक्षिणेला महू आणि पश्चिमेला पीथमपूर, फार तर धार. हे आधी मान्य करा. ‘मनमाड मार्गावर रोजचा प्रवासी’ हे नावच मोठं आहे.

दोन. खरी गाठ इंदूर स्टेशनावर आहे. गाडी येते, रिकामी होते, प्लॅटफॉर्म अडवून बसते. तिथे शटल संपवली आणि तिथूनच सुरू केली तर सकाळी नऊला लांबच्या गाड्या बाहेर सिग्नलला उभ्या राहतील, आणि मग पेपरवाले शटलच्याच नावाने खडे फोडतील. शटल इंदूरला संपवायचीच नाही. देवासहून निघाली की मांगलिया, लक्ष्मीबाईनगर, इंदूरला दोन मिनिटं, आणि थेट महू किंवा टिही. इंजिन फिरवायचं नसल्यामुळे हे मेमूला जमतं. गाडी उभी करायची ती महूला, तिथे जागा आहे.

तीन. राजेंद्रनगरवाले भाऊ, सकाळी आठ ते दहा लांबच्या गाड्याही सुटायला-यायला बघतात. ‘दिवसभर त्या, सकाळ-संध्याकाळ शटल’ हे कागदावर छान दिसतं. वेळापत्रक करणाऱ्याला विचारा.

राजेंद्रनगरवाला

पहिला मुद्दा मान्य, हद्द महू-पीथमपूर. दुसरा तर मला हवाच होता, आरपार गाडीच हवी. तिसऱ्यावर अडतोय मी. लांबच्या गाड्या लक्ष्मीबाईनगरला नेल्या तर?

निवृत्त_गार्ड

नेता येतील. पण मग मुंबईची गाडी पकडायला तुमच्या घरची मंडळी सामान घेऊन लक्ष्मीबाईनगरला जातील का, ते घरी विचारून घ्या आणि मग लिहा.

उज्जैनची_सून

तुम्ही सगळे दक्षिणेलाच बघताय. मी उज्जैनहून इंदूरला रोज येते. देवासमार्गे रेल्वेने साधारण ८० किलोमीटर पडतात. फतेहाबादचा तुकडा २०२१ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्या बाजूने साधारण ६३. सतरा किलोमीटर वाचले तेव्हा आम्हाला वाटलं, आता रोजचं झालं. पण ऑफिसच्या वेळेचा विचार झाल्याशिवाय अंतर कमी होऊन काय उपयोग? मी बसनेच येते. रूळ टाकला की प्रवासी आपोआप येतात, या समजाला माझा विरोध आहे. सिंहस्थ २०२८ साठी वाटेल तेवढ्या गाड्या धावतील बघा, आणि मेळा उठला की त्या कुठे जातील ते महाकालालाच ठाऊक.

धुळेकर

इंदूरकरांनो, मार्गाला दुसरंही टोक आहे. मालेगाव एवढं मोठं, यंत्रमागाचं गाव, आजही रेल्वेचं स्टेशन नाही. गाडी धरायला मनमाडला या. आमच्या धुळ्याहून चाळीसगावला मेमू जाते, ती भरते ती विद्यार्थ्यांनी, नोकरदारांनी आणि भाजीच्या पोत्यांनी. धुळे-मालेगाव-मनमाड हा पट्टा सपाट आहे, घाट नाही, गावं दाट. रोजच्या प्रवाशाचा हिशेब करायचाच असेल तर तुमच्या महूपेक्षा इथे आधी जमेल.

करदाता_सुदामानगर

धुळेकरांचं पटतं. आणि इंदूरच्या बाजूला हौस असेल तर ज्यांचा फायदा, त्यांनी खिशात हात घालावा. तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. राजाला कळत होतं की गावात गाडी हवी तर नुसता अर्ज करून येत नाही. आज पीथमपूरच्या कंपन्या बसांवर खर्च करतातच ना? तोच पैसा स्टेशन आणि तिथून गेटपर्यंतच्या बसला द्या म्हणावं.

सेकंड_शिफ्ट

हे झालं तर मी माझं मत बदलीन. स्टेशनवर गाडीच्या वेळेला कंपन्यांच्या सामायिक बसा उभ्या पाहिजेत, आणि रात्री बारानंतरची परतीची गाडी पाहिजे. दोन्ही असतील तर पास काढतो. एकच असेल तर बस बरी.

निवृत्त_गार्ड

बारानंतरची गाडी दिली तर रुळाच्या देखभालीचा ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवायचा वेळ, कधी घ्यायचा?

राजेंद्रनगरवाला

एक ते चार.

निवृत्त_गार्ड

त्याच वेळात मालगाड्या काढायच्या असतात. करदाता साहेबांना विचारा, चालेल का.