अनुभव धागा: बिवा तळ्याकाठी, जिथे किल्ला होता आणि आता बाग आहे

ओमीकर

जपानला येणारी आपली मंडळी हिमेजीचा किल्ला बघतात, ओसाकाच्या किल्ल्यासमोर फोटो काढतात आणि विमानात बसतात. सुट्टीच तेवढी असते, त्यांना दोष नाही. पण क्योतोहून जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने, पंधरा मिनिटांच्या आत झेझे स्टेशन येतं. तिथून केइहान या खासगी रेल्वेची दोन डब्यांची लोकल पकडायची, दुसऱ्या स्टेशनाला, म्हणजे झेझे-होनमाचीला उतरायचं आणि देवळावरून सरळ तळ्याच्या दिशेने चालत सुटायचं. पाचसात मिनिटांत पाण्यात घुसलेली एक बाग लागते. 1601 मध्ये तोकुगावा इएयासूने इथे किल्ला बांधून घेतला होता. ज्या लढाईने त्याला जपानची सत्ता मिळाली, त्या सेकिगाहाराच्या लढाईला वर्षही उलटलं नव्हतं. आखणी तोदो ताकातोराची, तीन बाजूंना पाणी आणि चार मजली मुख्य बुरूज. आज त्यातलं जवळपास काही नाही. चेरीची झाडं, बाकडी, झोपाळे आणि समोर 670 चौरस किलोमीटरचं तळं.

अशा जागी कुणी गेलं असेल तर लिहा. झेझेच हवं असं नाही. किल्ला गेलेला, शांत बाग झालेली आणि पाणी शेजारी, एवढं पुरे. विकिपीडिया चिकटवू नका. काय पाहिलंत, काय खाल्लंत, कोण भेटलं ते येऊ द्या.

घाटवाट

मी साताऱ्याचा, त्यामुळे किल्ला म्हटलं की आधी दम लागला पाहिजे ही अपेक्षा. झेझेला चढच नाही! चपला घालून किल्ल्यावर गेलो हे गावाकडे सांगायची सोय नाही.

बागेच्या तोंडाशी किल्ल्यासारखा दरवाजा आहे, त्याला फसू नका, तो नव्याने बांधलेला. खरे दरवाजे गावातल्या देवळांना दिले गेले. झेझे जिंजाचा, म्हणजे वाटेवरच्या त्या देवळाचा, पुढचा दरवाजा हा मूळ किल्ल्याचा, लाकूड बघूनच कळतं. म्हणजे स्टेशनवरून येताना तुम्ही आधी किल्ल्याच्या दरवाजातून जाता आणि मग किल्ला नसलेल्या जागी पोचता.

मी बराच वेळ घालवला तो पाण्याच्या रेषेशी. कठड्यावरून खाली वाकलं की काही ठिकाणी पायथ्याचे दगड दिसतात, शेवाळलेले, मधल्या फटींत लाटा आत जाऊन बुडबुड करत बाहेर येणाऱ्या. किल्ल्याला शत्रूपेक्षा याच पाण्याने जास्त छळलं. पाया सतत धुपायचा, दुरुस्ती संपायची नाही. 1662 च्या भूकंपात तर एवढी पडझड झाली की आतली रचनाच बदलावी लागली. शेवटी 1870 मध्ये झेझे संस्थानानेच परवानगी मागून किल्ला पाडायला काढला. आपल्याकडे 1818 नंतर इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्याचा राग अजून प्रत्येक ट्रेकला निघतो. इथे धन्यानेच दारं-खिडक्या वाटून टाकल्या. रागवायचं कुणावर?

दोन रुपये कमी

क्योतोत शिकते. परीक्षा संपली की इथे येऊन बसायचं हा माझा नेम. हिवाळ्यात या बरं का. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे थवेच्या थवे असतात, काळे, कपाळावर पांढरा टिळा. उजनीला पाहिलेले तेच, इथे मात्र पार काठापर्यंत येतात. वारा हाडात शिरतो, कानटोपी विसरू नका.

जाताना किंवा येताना गिचूजी या छोट्या देवळात जा, झेझे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. कवी बाशोची समाधी तिथे आहे. तो 1694 मध्ये ओसाकात वारला, पण मला योशिनाकाच्या शेजारी ठेवा असं त्याने सांगितलं होतं, म्हणून शिष्यांनी देह योदो नदीतून होडीने वर आणला. किसो योशिनाका हा 1184 मध्ये पडलेला योद्धा. पाचशे वर्षांनी एका कवीला त्याचा शेजार हवासा वाटला, हे मला किल्ल्याच्या सगळ्या इतिहासापेक्षा जवळचं वाटतं.

लेकीकडची आई

लेक कुसात्सूला राहते. तिच्या घरून ओमी पुलावरून चालत तळ्यापलीकडे झेझेला गेलो, पूल चांगला सव्वा किलोमीटरच्या वर आहे. एके काळी गाड्यांना टोल होता, 2013 च्या डिसेंबरात बंद झाला असं जावईबापू म्हणाले. पायी येणाऱ्याला कसला टोल, पण गुडघ्यांनी वसूल केला.

बागेत बाकावर बसून डबा उघडला. पोळीची गुंडाळी, आत बटाट्याची भाजी. पहिला घास तोंडात जातोय तोवर मागून डोक्याला वारा लागला आणि हातातली गुंडाळी गायब! घार हो. बोटाला नख लागलं नाही, पण भाजी सगळी मांडीवर. पलीकडे एक आजोबा कुत्रा घेऊन बसले होते, ते धावत आले, खिशातून ओले रुमाल काढून दिले आणि वर बोट करून काहीतरी मोठं व्याख्यान दिलं. लेक म्हणाली, झाडाला पाठ टेकून बसा म्हणतायत, घारी मागून येतात. मग आम्ही चेरीखाली सरकलो. आजोबांना चिवडा दिला. त्यांनी एकेक दाणा उचलून खाल्ला आणि शेंगदाण्याशी पोचल्यावर मान डोलावली.

त्यांनी उलट आम्हाला फुनाझुशी खाऊन बघा म्हणून सांगितलं, भातात महिनोन् महिने मुरवलेला तळ्यातला मासा. लेकीने बाजारात दाखवला. वासावरूनच मी हात जोडले.

स्पष्टच बोलतो

ओमीकरदादा, रागावू नका. तिथे बघण्यासारखं काहीही नाही. जपानमध्ये चार दिवस असणाऱ्याने अर्धा दिवस या बागेत घालवू नये. चेरी बघायची तर क्योतोत काय कमी आहे?

ओमीकर

चार दिवसवाल्यांसाठी हा धागा नाहीच, साहेब. वरचा पहिला परिच्छेद तेच म्हणतो. इथे राहणारे आणि चार महिने प्रोजेक्टवर येणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्या रविवारचं काय?

पाणीपातळी

मी साकामोतोचं लिहितो. त्याच तळ्याचा पश्चिम काठ, झेझेसारखंच ओत्सु शहराच्या हद्दीत. 1571 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने हिएइ डोंगरावरचा एनऱ्याकुजी मठ जाळला आणि पायथ्याशी आपल्या हाताखालच्या आकेची मित्सुहिदेला किल्ला बांधायला लावला. पोर्तुगीज पाद्री लुईस फ्रोईस लिहून गेलाय की नोबुनागाच्या स्वतःच्या आझुची किल्ल्याखालोखाल हाच. 1582 मध्ये मित्सुहिदेने धन्यालाच संपवलं, काही दिवसांत स्वतःही संपला आणि किल्ला जळाला.

आता तिथे हमरस्त्याला लागून इवलीशी बाग आणि मित्सुहिदेचा पुतळा. पुतळ्याबद्दल न बोललेलं बरं. ट्रकांचा आवाज आहे, तेव्हा ‘शांत’ या अटीत बसत नाही. पण तळ्याचं पाणी उतरलं की किल्ल्याच्या तटाच्या पायाचे दगड वर येतात. 1994 च्या दुष्काळात पातळी ठरलेल्या शून्य खुणेच्या खाली 123 सेंटीमीटरपर्यंत गेली होती, तो विक्रम अजून टिकून आहे. 2023 च्या अखेरीस पाऊस कमी झाला तेव्हाही दगड उघडे पडले आणि मी ऑफिसातून लवकर सटकलो. काठावर कॅमेरेवाल्यांची ही गर्दी. ओळीने मांडलेले ओबडधोबड धोंडे, मध्ये चिखल, त्यावर बगळ्याच्या पावलांचे ठसे. एक बाई मुलाला सांगत होती की यावर पाय देऊ नको, आणि मुलगा अर्थातच पाय देत होता.

पुढच्याच फेब्रुवारीत जवळच्या खोदकामात सुमारे 30 मीटर लांबीची तटाची भिंत सापडल्याचं ओत्सु पालिकेने जाहीर केलं. साडेचारशे वर्षं लोक त्याच्यावर राहत होते.

नागाहामा लोकल

होकोएन बागेला कुणी गेलंय का? नागाहामा स्टेशनाच्या अगदी पाठीमागे. नोबुनागाचा सरदार हिदेयोशी, त्याचा पहिला स्वतःचा किल्ला. 1615 मध्ये मोडला आणि दगड-लाकूड हिकोनेला गेलं असं मानतात. आत्ता दिसतो तो 1983 चा काँक्रीटचा, आत संग्रहालय. बाग मोठी, संध्याकाळ सुंदर, चेरीच्या दिवसांत मात्र जत्रा. पाणी उतरलं की ‘ताइकोची (म्हणजे हिदेयोशीची) विहीर’ म्हणून दाखवतात ती कोरड्यात येते.

बंड्याचे बाबा

बिवाबाहेरचं चालेल ना? नागानोत सुवा तळं आहे, तिथला ताकाशिमा किल्ला. पूर्वी पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं म्हणे. भर घालत गेले आणि तळं लांब सरकलं, आता मध्ये घरं आणि हॉटेलं. 1875 मध्ये पाडला, पुढच्याच वर्षी जागेची बाग केली, बुरूज 1970 मध्ये परत उभारला. खंदकात कार्प मासे, बंड्याचा जीव त्यातच अडकला.

एक प्रश्न: झेझेला गळ टाकता येतो का? मासे पाहिल्यापासून पोरगं मागे लागलंय.

ओमीकर

काठावर गळ टाकून बसलेले लोक नेहमी दिसतात, तरी तिथली पाटी वाचून घ्या. एक नियम मात्र पक्का. ब्लॅक बास आणि ब्लूगिल हे बाहेरून आलेले मासे इथल्या मूळ माशांना खाऊन टाकतात, म्हणून शिगा प्रांतात 2003 पासून ते पकडले तर परत तळ्यात सोडायला मनाई आहे. काठाने ठिकठिकाणी पेट्या ठेवल्यात, मासा त्यात टाकायचा. बंड्याला घरूनच सांगून आणा, ऐनवेळी ‘सोडून देऊ या ना बाबा’ म्हणून रडारड झालेली मी पाहिली आहे. आणि खाऊ आणाल तो झाडाखाली बसून खा, वरच्या ताईंचा अनुभव वाचलात ना?