प्लग बदलल्यापासून गाडी थरथरतेय, पार्ट मागवण्याआधी काय तपासू?

पाना_नवा: मंडळी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी). प्लग आणि एअर फिल्टर घरीच बदलले, उघडलंच आहे तर म्हणून थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) पुसून घेतली. त्याआधी काही तक्रार नव्हती. आता उभी असली की थरथरते, आरपीएम ६०० ते ११०० मध्ये वरखाली होतो, चढावर हिसके देते. चेक इंजिनचा दिवा लागलाय, जोर दिला की लुकलुकतोही. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०२ हे दोषाचे कोड. मित्र म्हणतो पेट्रोल पंप गेला. मागवू का?

काळे_हात: अजिबात नको. पंप नेमका तुम्ही बॉनेट उघडलं त्याच दिवशी कशाला जाईल? जिथे जिथे हात लागला तिथे परत जा.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप चाचपून बघा, विशेषतः खालच्या बाजूने, तिथे डोळा पोचत नाही. हवा मोजणारा सेन्सर असेल तर तो आणि इंजिन यांच्या मधून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. क्रँककेसची बारीक नळी, ऑइलचं झाकण, डिपस्टिक, हेही नीट बसलंय ना? स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय) दिसत असेल तर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आणि २५०० आरपीएमला वेगवेगळं वाचा. आयडलला खूप प्लस आणि रेस दिल्यावर शून्याकडे आलं, तर हवा कुठून तरी ओढली जातेय. उलट रेस देताना वाढत गेलं, तरच पंपाचा विचार.

वंगण: वरचं बरोबर, पण दिवा लुकलुकतोय ते आधी. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आणि तो खर्च प्लगच्या कैक पट आहे. गाडी फिरवू नका.

पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाही (मिसफायर). इंजिन थंड झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, चालू करून बघा. पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०३०२ च राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर. आणि मिसफायरमुळे न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्यालाच जास्त हवा समजतो, त्यामुळे दोन्ही कोड एकाच दोषाचे असू शकतात.

फुकटसल्ला: पाइपवर कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की गळती सापडली!

काळे_हात: गरम इंजिनवर, तेही मिसफायर चालू असताना? आग लागेल राव. साबणाचं पाणी बारीक फवारा, तेही कनेक्टर सोडून.

पाना_नवा: सगळं करून बघितलं. पाइपची कडा खालून आत दुमडली गेली होती आणि क्लॅम्प तिरका होता. सरळ बसवल्यावर आयडलचा ट्रिम +२२ वरून +८ वर आला. मिस मात्र चालूच. कॉइलची अदलाबदल केल्यावर पी०३०३ आला!

वंगण: तरी लगेच कॉइल मागवू नका. तिच्या टोकाचं रबरी बूट उजेडात धरून वाकवून बघा. जुनं रबर ओढून काढताना चिरतं, ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाजूने इंजिनच्या हेडकडे निसटते. आत काळी-करडी केसासारखी रेघ दिसली तर तेच. पुष्कळ कॉइलना बूट वेगळं मिळतं. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तशीच रेघ असेल तर तो प्लगही बदला, नवा असला तरी. नाहीतर नव्या बुटात पुन्हा तीच वाट पडते.

काळे_हात: आणि प्लग घालताना आधी हाताने फिरवून आटे पकडवा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच घट्ट. ॲल्युमिनियमचं हेड जास्तीचा जोर खपवून घेत नाही. मिस गेल्यावरही आरपीएम डोलत राहिला तर थ्रॉटलचं आयडल रिलर्न करा, म्हणजे कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवा. कशी करायची ती पद्धत गाडीगणिक वेगळी, मॅन्युअलमध्ये मिळेल.